किनाऱ्यावर कोण उभं राहणार?

अरे, ड्रोन कोणता घेऊ हे तू विचारलंस, पण तो उडवणार कोण हे काही सांगितलं नाहीस. तू तर विंडसर्फिंगच्या फळीवर, दोन्ही हात शिडाच्या दांड्याला. मग रिमोट कुणाच्या हातात? तुझ्या बायकोच्या, नाहीतर पाण्याला घाबरणाऱ्या तुझ्या एखाद्या मित्राच्या. तेव्हा आत्याचा पहिला कानमंत्र ऐक. पाण्यातल्या खेळांसाठी ड्रोन घेताना तो खेळणाऱ्याला आवडून भागत नाही, काठावर उभं राहणाऱ्याला झेपावा लागतो. दुकानात तिला घेऊन जा, रिमोट तिच्या हातात दे, आणि पडद्यावरची अक्षरं तिला उन्हात वाचता येतील का ते बघ. तू बाजूला उभा राहून मेगापिक्सेल मोजत बसू नकोस.

आता तू म्हणशील, हल्ली आपोआप मागे येणारे ड्रोन मिळतात, तळहातावरून सोडला की झालं. मिळतात, आणि जाहिरातीत फार छान दिसतात. पण इथे जपानमध्ये १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवताना उडवणाऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी सतत पाहत राहायचं, असा नियम आहे. तू शीड सांभाळत ताशी तीस किलोमीटरने चाललायस आणि ड्रोन तुझ्या पाठीमागे आहे, तर तो तू पाहतोयस असं कुठल्या तोंडाने सांगशील? नजरेआड उडवायला वेगळी परवानगी लागते. शिवाय शीड उलटं फिरलं, तुषार उडाले, शेजारून तशाच रंगाचं दुसरं शीड गेलं की ड्रोन बिनधास्त दुसऱ्याच्या मागे जातो. स्वयंचलित पाठलाग ही सोय म्हणून असू दे, पण तिच्या भरवशावर ड्रोन निवडू नकोस. काठावरच्या माणसाकडे दोन स्टिकांचा खरा रिमोट हवाच. नुसत्या मोबाइलवर बोट फिरवून वाऱ्यात ड्रोन आणणं नवख्याचं काम नाही.

वजनाचं एकदा नीट समजून घे, कारण इंटरनेटवर सगळे २४९ ग्रॅमचा जप करत असतात. ती रेषा अमेरिकेची, युरोपची आणि आपल्या भारताचीही. आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो. इथे जपानमध्ये त्या आकड्याला काडीचीही किंमत नाही. इथली रेषा १०० ग्रॅमची आहे. पूर्वी ती २०० होती, म्हणून डीजेआय कंपनीने २०१९मध्ये मॅविक मिनीची खास जपानी आवृत्ती छोटी बॅटरी घालून १९९ ग्रॅमची केली. लोकांनी ती हौसेने घेतली, आणि २० जून २०२२पासून रेषाच १०० ग्रॅमवर आली. सगळा हलकेपणा वाया गेला. दुकानात कुणी जुना १९९ ग्रॅमवाला ड्रोन 'नोंदणीची कटकट नाही' म्हणून पुढे केला, तर हसून पुढच्या कपाटाकडे वळ.

१०० ग्रॅमच्या आतलेही मिळतात. होव्हरएअरने मुद्दाम जपानसाठी ९९ ग्रॅमचा एक्स१ स्मार्ट काढला. घरात, अंगणात, वारा पडलेल्या सकाळी एसयूपीवर, म्हणजे वल्ह्याच्या फळीवर, उभ्या राहिलेल्या मुलांचं चित्रण करायला तो गोड आहे. पण कायद्याला जो हलका, तो वाऱ्यालाही हलकाच. आणि तुझा खेळच मुळी वाऱ्याचा.

खरी गोष्ट इथे सुरू होते. समुद्रावर फेसाचे पांढरे तुरे बऱ्यापैकी दिसायला लागले की वारा साधारण सेकंदाला ५.५ ते ८ मीटर असतो. जिकडे तिकडे तुरे आणि थोडे तुषार, म्हणजे ८ ते १०.७. खलाशांच्या ब्युफोर्ट मापात हे चौथं आणि पाचवं बल. आता डीजेआयच्या मिनी मालिकेतल्या बऱ्याच ड्रोनच्या कागदावर बघ, वारा सहन करण्याची मर्यादा १०.७ मीटर लिहिलेली असते. आकडा असा विचित्र का, तर पाचवं बल तिथे संपतं म्हणून. त्यांच्याच छोट्या निओची मर्यादा ८, म्हणजे चौथं बल संपलं की त्याची हद्द संपली. तू ज्या दिवशी 'आज मस्त वारा आहे' म्हणून बोर्ड गाडीवर चढवशील, त्या दिवशी निओ पिशवीतच राहिलेला बरा.

पुढचा हिशेब तुझ्या बायकोला कागदावर करून दाखव. मिनी मालिकेतल्या मिनी ४केचा वेग वारा नसताना साध्या मोडमध्ये सेकंदाला १० मीटर, स्पोर्ट मोडमध्ये १६. समोरून १० मीटरचा वारा असेल तर साध्या मोडमध्ये ड्रोन पुढे सरकतच नाही. नाक खाली घालून जागच्या जागी तडफडतो आणि बॅटरी खातो. स्पोर्ट मोडमध्ये सेकंदाला ६ मीटर उरतात, म्हणजे अर्धा किलोमीटर परत यायला जवळजवळ दीड मिनिट. ऐकायला थोडं वाटतं, पण बॅटरी तीस टक्क्यांवर आलेली असताना हे दीड मिनिट फार मोठं असतं. वाऱ्यासोबत समुद्रात जाणं म्हणजे सकाळी ताज्या पायांनी सिंहगड उतरायचा आणि दमल्यावर चढायचा. म्हणून ड्रोन घेताना विचारायचा पहिला प्रश्न हा, की दमल्यावर, वाऱ्याविरुद्ध तो परत येईल का? कॅमेऱ्याचं नंतर बघू.

याच कारणाने किनारा आणि ऋतू यांची जोडी जमवावी लागते. नागोयात हिवाळ्यात वायव्येकडून इबुकी डोंगरावरून वारा येतो, इबुकी-ओरोशी म्हणतात त्याला. सायकलवरून कामाला जाताना तू त्याला शिव्या घातल्या असतीलच. चिता द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा, म्हणजे तुझं शिन्माइको, इसे उपसागराकडे तोंड करून आहे. तिथे हा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. नवख्यासाठी यासारखी दुसरी सोय नाही. ड्रोन जाताना वाऱ्याविरुद्ध कष्टाने जातो, बॅटरी कमी झाली की वाराच त्याला ढकलत घरी आणतो. पण उन्हाळ्यात नागोयाचा वारा पालटतो, दिवसा दक्षिण-आग्नेयेकडून वाहतो, आणि तोच किनारा फसवा होतो. आता वारा ड्रोनला पलीकडच्या मिए प्रांताच्या दिशेने नेऊ पाहतो. ताहाराचा पॅसिफिककडचा किनारा तर याच्या उलट. तिथल्या लाँग बीचवर २०१८मध्ये सर्फिंगची जागतिक स्पर्धा झाली. हिवाळी वायव्य वारा तिथे जमिनीवरून समुद्राकडे जातो. सर्फर मंडळींना तो आवडतो, कारण लाटा नीटनेटक्या उभ्या राहतात. ड्रोनला मात्र पुढे थेट पॅसिफिक. गामागोरीही दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथेही तीच कथा.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी एवढं तिला सांग: समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. वारा गालावर लागला तर उडव. मानेवर लागला तर ड्रोन काठापासून फार तर शंभर मीटर, तेही बॅटरी निम्म्यावर यायच्या आत परत. आणि जमिनीवरचा वारा मोजून फसू नये. वीस-तीस मीटर वर तो जास्तच असतो. शिन्माइकोला झाडांच्या आडोशाला उभं राहून 'काही वारा नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

आता कोणता घ्यायचा ते सांगते. माझं मत स्पष्ट आहे: पहिला ड्रोन मिनी ४के. एप्रिल २०२४मध्ये आला, ३१ मिनिटांची बॅटरी म्हणतात (वाऱ्यात वीस धर), चित्रण ४केमध्ये सेकंदाला ३० फ्रेम. त्याला पाठलाग करता येत नाही. मला हा त्याचा गुणच वाटतो, कारण हाताने उडवायला शिकावंच लागतं. मिनी ४ प्रोला चारही बाजूंना अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत, पाठलाग आहे, मोठा सेन्सर आहे, सेकंदाला १०० फ्रेमने संथ चित्रण आहे. लाट फुटतानाचं संथ दृश्य त्यातून जे येतं ते मिनी ४केमधून येणार नाही. पण त्याच्या किमतीत मिनी ४के दोन सहज येतात, आणि पाण्यावर उडवणाऱ्याने पहिला ड्रोन बुडणार हे धरूनच पैसे मोजावेत. दोन-तीन ऋतू ड्रोन कोरडा राहिला तर मग प्रो घे, मी अडवणार नाही. अडथळ्यांच्या सेन्सरचाही फार मोह नको. उघड्या समुद्रावर अडथळा असतोच कुठे? असतो तो मस्तूल आणि दोर, आणि बारीक दोर सेन्सरला दिसतीलच याचा भरवसा नाही.

डीजेआयच्या फ्लिपबद्दल विचारशील. जानेवारी २०२५चा, चारही पंख्यांना जाळीदार कडी, पाठलाग आहे, वजन २४९. मुलांच्या आसपास, कयाकच्या जवळून उडवायला चांगला. ती मोठी कडी वाऱ्यात मला पटत नाहीत, पण तू विंडसर्फिंग सोडून नागारा नदीवर कयाक चालवायला लागलास तर माझं मत बदलेल. निओ १३५ ग्रॅमचा, घरच्या मौजेचा, आणि त्यालाही नोंदणी लागतेच. खेळण्यासारखा दिसतो म्हणून सूट मिळत नाही.

पाण्यात पडला तरी चालणारा घ्यावा का? जलरोधक ड्रोन आहेत, उदाहरणार्थ स्वेलप्रोचा स्प्लॅशड्रोन ४. पण ते दोन किलोच्या घरातले, महाग, आणि मुख्यतः होडीवरून काम करणाऱ्यांसाठी आणि गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी बनवलेले. शिकाऊ हातात दोन किलोचं फिरतं यंत्र आणि खाली पोहणारी माणसं, ही जोडी मला बघवत नाही. आणि जलरोधक, हवेत भिरकावला की आपोआप मागे येणारा, असं स्वप्न विकणाऱ्यांची एक गोष्ट या छंदातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. २०१५मध्ये अमेरिकेत लिली नावाच्या ड्रोनची चित्रफीत आली. त्यात तो पाण्यात पडून पुन्हा उडायचा. लोकांनी आगाऊ नोंदणीत ३ कोटी ४० लाख डॉलर भरले. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने दुकान बंद केलं, ड्रोन लोकांपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा प्रत्यक्ष दुकानात हातात मिळतो तोच घे. आगाऊ पैसे भरून नाही.

आणि तोही जपानातच घे. अमेरिकेतला तुझा चुलतभाऊ 'मी येताना स्वस्तात आणतो' म्हणेल, त्याला नको म्हण. इथे रेडिओ उपकरणावर गितेकीची, म्हणजे तांत्रिक मान्यतेची, खूण लागते. परदेशी बाजारातले बरेच ड्रोन ५.८ गिगाहर्ट्झवरही बोलतात. इथे तो पट्टा परवान्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून इथले ड्रोन मुख्यतः २.४ वर चालतात. जुना घ्यायचा असेल तर नागोयातल्या ओसूच्या गल्ल्या आहेतच. तिथे गितेकीची खूण, आधीच्या मालकाने नोंदणी काढून टाकली आहे का, आणि बॅटरी फुगलेली नाही ना, या तीन गोष्टी बघ. कॅमेऱ्याच्या गिंबलजवळ मिठाचे पांढरट डाग दिसले तर भाव करायलाच नको, निघून ये. पैसे उरले तर ते सुट्या बॅटऱ्यांत घाल. तीन तरी हव्यात, कारण वारा येतो तेव्हा तासभरच येतो आणि चार्जिंगची वाट बघत थांबत नाही.

कायद्याचं थोडं कंटाळवाणं आहे, पण चहा घे आणि ऐक. एप्रिल २०१५मध्ये तोक्योत पंतप्रधान कार्यालयाच्या गच्चीवर एक ड्रोन सापडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हवाई कायद्यात ड्रोनचे नियम आले. आज १०० ग्रॅम आणि वरच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी सरकारच्या डिप्स नावाच्या संकेतस्थळावर करायची, क्रमांक अंगावर चिकटवायचा, आणि रिमोट आयडी चालू ठेवायचा. नोंदणी तीन वर्षं चालते. न करता उडवलास तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड, तेव्हा वरातीमागून घोडं नको. घट्ट वस्तीच्या भागावर परवानगीशिवाय उडवायचं नाही, आणि नागोया शहराचा बहुतेक भाग त्यातच येतो. विमानतळांजवळही तेच: उत्तरेला कोमाकीचा विमानतळ, दक्षिणेला तोकोनामेसमोर २००५मध्ये उघडलेला सेंट्रएअर. त्याच्या समोरच्या रिंकू बीचवरून विमानं इतकी जवळ दिसतात की ड्रोन काढायचा मोह होतोच. तिथे पिशवीची चेनसुद्धा उघडू नकोस. बाकी किनाऱ्यांसाठी डिप्सचा नकाशा बघ, मग किनारा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचार. आकाशाची परवानगी आणि वाळूची परवानगी वेगवेगळी असते. बंदराच्या पाण्याजवळ असशील तर बंदरवाल्यांनाही विचार.

तुझ्या खेळासाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम ३० मीटरचा. परक्या माणसांपासून, त्यांच्या गाड्या-होड्या-घरांपासून ३० मीटर लांब राहायचं. तू स्वतः आणि तुझ्या चित्रणात ठरवून सामील झालेले मित्र त्या 'परक्यां'त मोडत नाहीत. म्हणून सकाळी किनाऱ्यावर गेल्यावर आधी सगळ्यांना वाकून नमस्कार, आम्ही ड्रोन उडवणार आहोत, तुम्ही चित्रात आलात तर चालेल का, असं विचारायचं. मोडकं-तोडकं जपानी चालतं, न विचारणं चालत नाही. गजबजलेल्या रविवारी ३० मीटर पाळणं अशक्य असतं. तेव्हा परवानगी काढायची, त्यासाठी डिप्सवर निदान दहा कामाचे दिवस आधी अर्ज करायचा, आणि त्या परवानगीसाठी दहा तास उडवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. वीस मिनिटांच्या बॅटरीने दहा तास म्हणजे तीस बॅटऱ्या. पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही. स्पर्धा किंवा मेळा असेल त्या ठिकाणी उडवायचं नाहीच. २०२६च्या आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये शिडाच्या शर्यती गामागोरीच्या काइयो यॉट हार्बरला ठरल्या आहेत. तसल्या दिवसांत तिकडे दुर्बीण ने, ड्रोन नको. आणि हो, किनाऱ्यावर बार्बेक्यू असतो, बिअर असते. पिऊन ड्रोन उडवला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड आहे. रिमोट ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुगीचा, म्हणजे जवाचा चहा.

हे दहा तास जमिनीवर काढा, पाण्यावर नको. ड्रोनचं तोंड स्वतःकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि किनाऱ्याकडे परत येताना ते नेमकं तसंच असतं. ही एक गोष्ट हातात बसेपर्यंत समुद्राचं नाव काढू नये. शहराबाहेर, परवानगी असलेल्या मोकळ्या जागी जा. पाऊस असेल तर घरात ८० ग्रॅमचा जुना टेलो कुठे मिळाला तर त्यावर तिचा हात बसू दे. दहा फुटांच्या खोलीत चौकोन काढता आला की समुद्र सोपा वाटतो.

पाण्यावर ड्रोन वेगळा वागतो याचं कारण त्याच्या पोटाला असलेले डोळे. जमिनीवर ते खालची खडी, गवत बघून स्थिर राहतात. पाण्यावर बघायला काही नक्षीच नसते, असते ती लाट, आणि ती हलते. ड्रोन समजतो आपणच हललो, आणि तिच्यासोबत सरकायला लागतो. म्हणून सुरुवातीला पाण्यापासून आठ-दहा मीटर वरच राहा. पडद्यावरची उंचीही पाण्यापासून नसते, जिथून उडालास तिथून असते, आणि ती हवेच्या दाबावरून काढलेली, म्हणजे एखाददोन मीटर इकडेतिकडे. लाटेला हात लावून जाणारी दृश्यं ज्यांनी काढली आहेत, त्यांनी त्यासाठी किती ड्रोन गमावले ते ते सांगत नाहीत.

'रिटर्न टू होम' हे बटण जिथून उडालास तिथे परत आणतं. होडीवरून उडवलास तर होडी पुढे गेलेली असते आणि 'घर' म्हणजे पाणी. म्हणून पहिल्या वर्षी होडीवरून उडवायचं नाही, माझ्यासमोर तर मुळीच नाही. परतीची उंची मस्तुलांहून जास्त ठेव. वाळूवर थेट उतरवू नकोस, एक कण गिंबलमध्ये गेला की तो कुरकुरतच राहतो. घडीची चटई मिळते ती घे. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की परत फिरायचं, मग पाण्यात काहीही चाललेलं असो. इथे तुझी बायको तुझ्यापेक्षा जास्त कडक निघेल, आणि म्हणूनच रिमोट तिच्याकडे.

चित्रणाचं थोडक्यात. शिन्माइकोचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा दुपारनंतर किनाऱ्यावरून समुद्राकडे घेतलेलं सगळं काळं येतं. सकाळी जा, नाहीतर ड्रोन समुद्राकडून किनाऱ्याकडे बघत ठेव. त्यात मागे जमीन, इमारती, झाडं येतात आणि वेग कळतो. नुसतं पाणी मागे असलं की ताशी चाळीस किलोमीटरही रांगल्यासारखे वाटतात. तुझ्या मागे मागे धावू नये, थोडं पुढून तिरकं धरावं, तू चौकटीत येऊन निघून जावास. पाण्याची चमक मारायला पोलरायझर घे, भर उन्हात शटर आवरायला एनडी फिल्टर. ३० फ्रेमला शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास असलं की तुषार सुईसारखे टोचत नाहीत. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला तर पाणी दर सेकंदाला रंग बदलतं, तो बांधून ठेव. बाकी चेहऱ्यावरचा आनंद, ओरडणं, पडणं हे सगळं ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी शिडाच्या दांड्याला अॅक्शन कॅमेरा लाव. निम्मी फिल्म त्याचीच होईल, आणि लोक बघतील तीच निम्मी.

घारींचं सांगायचं राहिलं. जपानच्या किनाऱ्यांवर घारी माणसाच्या हातातला वडापावसुद्धा नेतील, अर्थात इथे वडापाव कुठला, ओनिगिरी नेतील. घार ड्रोनभोवती घिरट्या घालायला लागली तर सरळ वर चढवायचा आणि मग लांबून परत आणायचा. घार खाली झेपावते, वर तेवढ्या चटकन येत नाही. हिवाळ्यात तोकोनामेच्या बाजूला नोरीची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची, जाळी पाण्यावर पसरलेली असतात. त्यांच्यावरून उडवू नका. तिथे ड्रोन पडला तर तो तुमचा ड्रोन राहत नाही, कोळ्यांच्या पिकातला कचरा होतो, आणि माफी मागायला सहकारी संस्थेच्या दारात जावं लागतं. दुसऱ्याच्या शिडाला भोक पडलं तर काय, याचा विचार आधी करून दायित्वाचा विमा घ्या. ड्रोनचा स्वतःचा विमा काढाल तर एवढंच वाचा: बुडालेला ड्रोन परत पाठवता आला तर काय, आणि तळाशी गेला तर काय. या दोन्हींची उत्तरं निराळी असतात.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसायचं, मोटरींच्या फटीही. ड्रोन पाण्यातून बाहेर काढलाच तर चालू करून बघायचा मोह आवर, आधी बॅटरी काढ. खारं पाणी शिरलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्जरला लावायची नाही. ती कितीही नवी असो, आणि ती जळते तेव्हा तातामीची चटई जळते.

आता शेवटचं, कारण दिवाळीला तुम्ही घरी जाणार आणि मालवणला जाऊ म्हणताय. तारकर्लीचं पाणी, सिंधुदुर्ग, पॅरासेलिंग, सगळं वरून घ्यावंसं वाटेल. तरी ड्रोन नेऊ नकोस. भारताने ९ फेब्रुवारी २०२२पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा कामांनाच सूट. बॅगेतला ड्रोन कस्टमला दिसला तर तिथेच राहील आणि तू तासभर उत्तरं देत बसशील. तिकडे उडवायचंच तर भारतातच मिळणारा, भारतातच नोंदवलेला ड्रोन असलेला माणूस शोध, आणि चिपीचा विमानतळ जवळ आहे तेव्हा डिजिटल स्कायचा नकाशा त्याला आधी बघायला लाव. तुझा ड्रोन इथे माझ्याकडे ठेवून जा. बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नकोस, निम्म्या-साठ टक्क्यांवर आण, ड्रोनमधून काढ, आणि हीटरपासून लांब, बुटांच्या कपाटावर ठेव. किल्ली नेहमीच्या जागी आहे.